मात्रा

क्लायपेडा. बंदराकडे जाणारा रस्ता.
औषधांच्या दुकानाचं दार आधी वारा उघडतो,
मग गिऱ्हाईक आत येतं.
झिद्रूनास टोपी काढतो. क्रेन चालवतो तो,
चाळीस मीटर उंच, काचेच्या खोलीत,
खाली कंटेनर काडेपेट्यांएवढे.
दोन खोकी काउंटरवर शेजारी शेजारी मांडतो
आणि विचारतो, जणू बुटांचे दोन जोड:
"यातलं चांगलं कुठलं?"

चांगलं कुठलं.
एकवीस वर्षं उभी आहे मी इथे,
मला माहीत नाही.
एवढंच माहीत आहे की सर्ट्रालिन सकाळचं.
पहिले आठ-दहा दिवस मळमळ,
झोप ताकासारखी पातळ,
आणि बायकोकडे पाठ करून झोपावंसं वाटलं
तर ते प्रेम आटलं म्हणून नव्हे,
हेही सांगते, हळू आवाजात, मागे रांग असली तरी.
मिर्टाझापिन रात्रीचं.
ते डोळ्यांवर गोधडी टाकतं,
मध्येच उठवून फ्रिजपुढे उभं करतं,
पट्टा दोन भोकं सैल करायला लावतं.
पहाटेची पाळी असेल तर
ती गोधडी क्रेनवरही अंगावर राहील.
पहिले काही दिवस वर चढू नकोस.

"म्हणजे दोन्ही वाईट."
"दोन्ही हळू," मी म्हणते.
गुण यायला चार आठवडे, कधी सहा.
हातापायांत बळ आधी येतं, उमेद मागाहून;
त्या मधल्या फटीत काही भलतं मनात आलं
तर एकट्यानं बसायचं नाही.
फोन करायचा. रात्री तीन वाजताही.
त्यानं मान हलवली. वजनं ओळखतो तो.

डॉक्टरांनी लिहिलं होतं: एक उतरवत न्यायचं, दुसरं चढवत.
एकदम तोडायचं नाही.
तोडलं होतं त्यानं एकदा, ईस्टरला, स्वतःच्या मनानं,
डोक्यात विजेचे झटके बसले होते चार दिवस.
मी खोक्यांवर पेन्सिलीनं तारखा घातल्या.
"एक दोर सोडताना दुसरा ताणलेला हवा," तो म्हणाला,
आणि खोकी कोटाच्या वेगवेगळ्या खिशांत घातली.

दुसऱ्या आठवड्यात आला तेव्हा
बाहेर उणे नऊ, आणि याच्या कपाळावर घाम.
सुटे पैसे त्याच्या हातात वाजत राहिले.
बाहुल्या मोठ्या. गुडघा आपोआप उडत होता.
"ताप असेल."
"आणखी काय घेतोस?"
"काही नाही."
"दारू?"
"सोडली ती सोडली."
"चहा?"
तो हसला. "चहा काय औषध आहे?
सासूबाई देतात. दिवसातून चारदा."

दांगुओले. ओळखते मी तिला.
जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत छोट्या रात्रीआधी,
बांधावरची पिवळी फुलं खुडते, जोनाझोले,
माळ्यावर उलटी टांगते.
गल्लीत कुणाचं मन बसलं की
तिच्या पिशवीतून एक मूठ जाते.
खोटी नाहीत ती फुलं, तोच तर घोटाळा.
गोळ्या ज्या दोराला धरून ओढतात
तोच दोर ओढतात तीही.

रुग्णवाहिकेला अकरा मिनिटं लागली.
दुकानात तेवढा वेळ
फक्त त्याच्या दातांचा आवाज.

तो घरी आला चौथ्या दिवशी.
पाचव्या दिवशी दांगुओले.
कागदी पिशवी काउंटरवर ठेवली, तोंड दोरीनं बांधलेलं,
वाळल्या गवताचा वास माझ्या बाटल्यांवरून फिरला.
"मी जावयाचा जीव घेत होते?"
"जीव लावत होतात," मी म्हणाले.
"मात्रा तेवढी कुणी विचारली नाही."

ती जाईना. हातमोजा काढला, परत घातला.
"मग मी पिऊ की नको?
नवरा गेल्यापासून पिते. सहा वर्षं.
त्याशिवाय सकाळी पाय जमिनीला लागत नाहीत."
हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं,
तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आणखी काय घेता?" मी विचारलं.
"काही नाही.
ती एक गोळी, रक्त पातळ करायची.
दुसरं काही नाही."

मी दारावरची पाटी उलटी केली,
आणि माझी खुर्ची
काउंटरच्या त्या बाजूला नेली.