इशारा भरेपर्यंत

सव्वाबाराची फेरीबोट जयगडकडे सुटली
की पाऊण तास माझा.
तिकिटांची चळत रबरात, सुट्टे पैसे बरणीत,
आणि ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर
एक पितळी घड्याळ उलटं फिरू लागतं:
कुठल्या सालात जायचं?

आज १९०३. परदेशातलं कुठलंसं बंदर,
धुकं, गोदाम, पिंपांची उतरंड,
खाली बारा नावांची यादी.
लपवलेलं तसं काहीच नसतं,
फक्त इतकं सगळं असतं की दिसत नाही.
कात्री खिडकीच्या गजांत गज होऊन उभी,
किल्ली पोपटाची शेपटी झालेली,
चष्मा तर मांजराच्या तोंडावरच.
मी टिचकी मारते. वस्तू चमकते,
चित्रातून उडते, यादीतलं नाव खोडलं जातं.
सापडलं ते गेलं, असा इथला हिशेब.

नावं इंग्रजी. वाचता येतात,
पण निम्म्यांना माझ्याकडे चेहरा नाही.
मग मी खिडकीतून हाक मारते, "इसाकचाचा!"
इसाक मुकादम, एकतीस वर्षं बोटीवर तेलवाले,
आता आमच्या तवसाळच्या जेट्टीवर दोर झेलतात.
विडी विझवून कानामागे खोचत आत येतात.
मी वाचायचं, त्यांनी बघायचं.
"मार्लिनस्पाइक? ती काय, सुळ्यासारखी.
दोराचा पीळ उसवायला."
"सेक्स्टंट. कप्तानाचा. आमाला हात लावू देत नसत."
तो मी लावला. उडाला.

अकरा झाल्या. उरलं थिंबल.
एवढं एक मला माहीत होतं:
अंगुस्ताना, शिवणाच्या डब्यातला.
मी डबे शोधत बसले, टेबलं, बायकांची बोटं.
चाचा म्हणाले, "खुळी काय तू? थिंबल दोरात असतंय.
दोराच्या डोळ्यात लोखंडी कडी बसवतात, ती."
आणि पिंपांमागे, धुक्याच्या कडेला,
त्यांना वेटोळं दिसलं.

"दाब."
दाबलं. काही नाही.
माउस त्यांनीच ओढून घेतला,
एकदा, दोनदा, पाच वेळा.
पडदा काळवंडला: फार घाई करता, थांबा.
इशाऱ्याची हिरवी बाटली तळापासून
थेंबाथेंबाने भरू लागली.

"काथ्या हाय, बाय. आपला."
"यादीत नाही, चाचा."
"नसंल. पण हाय ना?"
बाटली पाव भरली.
त्यांनी सांगितलं, सोडणं खाडीच्या चिखलात
कशी महिनेमहिने पुरून ठेवायची,
वर धोंडे, नाहीतर भरती घेऊन जायची.
मग मोगरीने बडवायची. आईच्या हातांना
असा वास की ईदच्या शेवयांनाही लागायचा.
"आमी नाकं मुरडायचो. ती हसायची,
म्हणायची, खा, कुजलं तेच टिकतं."
बाटली अर्धी.
मग ते पडद्याला नाक लावून पीळ मोजत राहिले.
दोन पदरी, म्हणाले, डाव्या अंगाचा.
हे ज्या कुणी काढलं त्या पोराला
कुणी सांगितलं असेल काथ्याचं?

बाटली भरली. मी इशारा मागितला.
थिंबल खिडकीतल्या बाहुलीच्या डोक्यावर होतं, टोपी म्हणून.
म्हणजे माझंच खरं होतं.
मी काही बोलले नाही.

टप्पा पुरा. गोदाम उजाड,
मांजर आंधळं, पोपट बिनशेपटीचा,
आणि कोपऱ्यात, जसंच्या तसं, वेटोळं.
घड्याळ पुन्हा विचारत होतं, कुठल्या सालात?

पलीकडून भोंगा. कोळशाच्या बोटीमागून
आमची फेरी वळली.
चाचा बाहेर गेले. निळा नायलॉनचा दोर
हवेतून आला, त्यांनी न बघता झेलला,
खुंट्याला दोन वेढे, एक गाठ.
तीन स्कूटर, एक टेम्पो, फणस घेतलेली बाई.
मी तिकिटं फाडू लागले.

"बंद नको करू गो," ते जेट्टीवरून ओरडले.
फणसवाली माझ्याकडे बघायला लागली.
मी तिला चार रुपये परत दिले,
बरणीतून, मोजून.