बाही आणि मुंढा

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा
जगाच्या नकाशातला अटलांटिक महासागर
वाळवीनं खाल्लेला होता.
बाकी सगळं शाबूत. ग्रीनलंडसुद्धा.
मधोमध वरपासून खालपर्यंत भगदाड
आणि कपाटाच्या तळाशी मूठभर निळसर भुसा.

हुलसूरकर सर म्हणाले, नवा मागवायचा तर
उस्मानाबादेहून मंजुरी येईस्तोवर
तुमची मॅट्रिक होऊन जाईल.
मग मी आणि मन्मथ बिरादार
दोन टोकांना धरून जग घेऊन निघालो
उदगीरच्या चौबाऱ्याकडं.
वाटेत एका म्हशीनं शेपूट झटकलं,
आफ्रिकेवर एक शिंतोडा उडाला, तो शेवटपर्यंत राहिला.

खैरुद्दीन टेलरकडं निळा कागद नव्हता.
मांजरपाट होता.
त्यांनी दोन तुकडे पाटावर पसरले,
पंजानं सुरकुत्या मोडल्या,
ब्राझीलचा कोपरा आफ्रिकेच्या खाचेत सरकवला,
आणि मशीनवरचा पाय काढून घेतला.
"ही तर बाही आहे रे पोरांनो.
हा मुंढा.
कुणी उसवलं हे?"

आम्ही म्हणालो, वाळवीनं.
"वाळवीनं नाही. त्याच्या आधी."

मग टाचण्या तोंडात धरून बराच वेळ वाकून बघत राहिले.
नुसती कड जुळून भागत नाही म्हणाले,
चौकडीचा शर्ट असला तर खिशावरची रेघ
छातीवरच्या रेघेला मिळाली पाहिजे,
नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, दोन थानांतलं कापड लावलं.
इकडची तपकिरी डोंगररांग तिकडं जाते का,
बोटानं तपासत गेले.
कुठं मिळाली, कुठं नाही मिळाली.
शेवटी पोलिसांच्या चड्ड्यांतून उरलेल्या खाकी दोऱ्यानं
दुहेरी टीप मारली.
आत दोन बोटं दाब सोडला.
पुढंमागं सैल करायला लागलं तर.

सरांनी नकाशा टांगला
आणि तासभर काहीच शिकवलं नाही.
घंटा व्हायच्या सुमाराला म्हणाले,
जर्मनीत एक माणूस होता, हवामान मोजायचा.
छप्पन्न वर्षांपूर्वी तो असंच म्हणाला.
दगडांची माणसं त्याच्यावर उखडली,
तुझा धंदा वाऱ्याचा, आमच्या दगडात तुझं काय?
आणि एवढी जमीन सरकवतं कोण, ते सांग.
ते त्याला नीट सांगता आलं नाही.
पुढं ग्रीनलंडच्या बर्फात गेला, तिथंच राहिला.
वाटलं तर लक्षात ठेवा.
परीक्षेत लिहू नका, मार्क कापतील.

थंडीत तपासणीला साहेब आले.
छडी नकाशावरून फिरत फिरत खाकी शिवणीवर अडली.
"इथला समुद्र कुठाय?"
सर उभे राहिले.
"नकाशा फार जुना आहे, साहेब."

मी भूजल खात्यात लागलो.
तीस वर्षं काळ्या दगडाचे दंडगोल
लाकडी खोक्यांत ओळीनं मांडले, नंबर टाकले.
कुठंतरी वाचलं, आपला हा काळा दगड ओतला गेला
तेव्हा ही सगळी जमीन खूप दक्षिणेला होती,
आणि त्या वेळची चूल अजून तिथंच आहे,
समुद्रातल्या एका बेटाखाली, अधूनमधून भडकते.
भाकरी तेवढी तव्यासकट इकडं आली.
हे खैरुद्दीनभाईंना सांगायला गेलो
तर दुकानात त्यांचा नातू, तयार युनिफॉर्म विकत.

त्र्याण्णवला किल्लारीकडं
पडलेल्या गावांतून विहिरींची पातळी मोजत फिरत होतो.
पत्र्याच्या शेडमधली एक बाई, कडेवर पोर,
माझी टेप धरून उभी राहिली.
मी सांगितलं, जमीन उत्तरेला रेटत चाललीय,
लाखो वर्षं झाली, आत ताण साठतो.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"मंग जाऊ द्या की तिला. अडवतंय कोण?"

मी टेपवरचा आकडा वहीत लिहिला.
अकरा मीटर चाळीस.