गादी कारखाना, हंसापुरी

आवाज गिळणाऱ्या भिंती हव्या होत्या.
स्टुडिओचा तासाचा भाव ऐकून
मयंक बशीतला चहा नुसता फुंकत बसला.
मग त्यालाच आठवलं, रहीमभाई मन्सुरींचा गादी कारखाना :
छतापर्यंत कापूस, तिथं शिंकलं
तर शिंक परत येत नाही.

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
कूलर लावला की गाण्यात कूलर,
बंद केला की गाण्यात घाम.
तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याआधी
एक टप् ऐकू येतो. ताल नाही तो.
माझ्या हनुवटीवरून गिटारवर पडलेला थेंब आहे.

मधेच गिऱ्हाईक यायचं.
लग्नाच्या दोन गाद्या, चार उशा, लोड वेगळे.
आम्ही माइक झाकून पोत्यांवर बसायचो.
"काय करून राहिले बे पोट्टेहो?"
"गाणं भरून राहिलो काका."
"भरा. मी बी भरूनच राहिलो."

खुंटीला त्यांच्या अब्बांची पिंजण होती,
मशीन आल्यापासून मुकी.
एका दुपारी वीज गेली
(मी महावितरणात बिलं काढते,
सगळे माझ्याकडेच बघू लागले)
तेव्हा त्यांनी ती उतरवली, धूळ झटकली,
लाकडी गोट्यानं तार छेडली.
ढ्यांग्.
हा सूर पेटीत नाही. दोन पट्ट्यांच्या फटीत
कुठंतरी बसून असतो.
आम्ही सगळी वाद्यं त्याच्यावर लावली.
दोन दिवस गेले त्यात, आणि मयंकचं एक बोट.

शेवंताआत्या तांडापेठेतून रिक्षानं आली.
मागावर बसून म्हणायची ते गाणं तिला
चार ओळी आठवत होतं,
पुढं नुसतं नं-नं, नं-नं, हात मात्र
धोटा फेकल्यासारखे चालू.
आम्ही तसंच ठेवलं.

जुलैत धंतोलीच्या हॉलमध्ये प्रकाशन.
चौदा माणसं, त्यातला एक हॉलचा चौकीदार.
पुण्याचा एक जाणकार फोनवर म्हणाला,
छान आहे, फक्त मागचा तो ढ्यांग् काढून टाका.
पेपरात आलं : ‘नं-नं’मधून
स्त्रीच्या दडपलेल्या शब्दांचा हुंकार.
मी आत्याला वाचून दाखवलं.
"दडपले कुठी? इसरली होती ना मी."

शंभर सीडी काढल्या, हट्टानं.
लावायला कुणाकडे यंत्र नाही.
मोहप्याच्या मामानं चाळीस नेल्या
आणि संत्र्याच्या झाडांना टांगल्या.
वारा आला की नऊ गाणी
उन्हात गरगर फिरतात, लखलखतात.
मामा म्हणतो, पोपट येतच नाहीत आता.
एवढं स्वच्छ मत
दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

दिवाळीआधी एकदा गेले हंसापुरीत.
फोन दिला, रहीमभाईंनी एकच इअरफोन घातला,
दुसरा कान गिऱ्हाइकासाठी.
अडतीस मिनिटं. उशीत कापूस कोंबत,
टाके घालत, एकदा नुसतेच थांबत.
मी भिंतीवरचं कॅलेंडर पाठ केलं.

"पाचव्यात तार ढिल्ली हाय," ते म्हणाले.
"मले सांगाचं होतं. ताणून देली असती."

आणि उठून ताणलीच त्यांनी.
छेडून दाखवली : खणखणीत, वरची,
बहुधा अब्बांच्या काळातली.

आता ती तिच्या जागी आहे
आणि आमची नऊच्या नऊ गाणी
तिच्यापासून अर्धा सूर खाली,
मोहप्याच्या वाऱ्यात.

गिऱ्हाईक आलं. साडेचार बाय सहा,
कापूस जुनाच, पण पिंजून द्या म्हणालं.
मी पोत्यावरून उठले.
सलवारीला चिकटलेला कापूस
सीताबर्डीपर्यंत निघाला नाही.