पाव तीन

हाम्बुर्गमध्ये एकतीस वर्षं
गुद्रूननं जीभ इस्त्री करून ठेवली होती.
गाव विचारलं की म्हणायची, "इकडचंच."

आज दुकानात गर्दी, चष्मा सापडेना,
आणि म्हाताऱ्याचं घड्याळ हातात घेताना
निसटलंच : "पाव तीनला या."

मदतनीस पोरगी गोंधळली.
"म्हणजे पावणेतीन? सव्वातीन?"
गुद्रूनच्या कानाच्या पाळ्या लाल.

तिकडे सॅक्सनीत, आईच्या स्वयंपाकघरात,
तिसरा तास पाव भरला की
पाव तीन वाजायचे,
पेल्यात दूध चढावं तसे.

म्हाताऱ्यानं काहीच विचारलं नाही.
पावती घडी करून खिशात घातली, गेला.

दोन वाजून चौदा मिनिटांनी
दाराबाहेर पायपुसण्यावर बूट घासत
तो एक मिनिट थांबला होता.