मठार

पोरगी आली तेव्हा मी घंगाळाचा काठ वळत होतो.
म्हणाली, वडकेकाका, बत्तीस हंडे हवेत,
पाण्यासाठी नाही.
मग?
आवाज ठेवायचाय.
तांबट आळीत येऊन आवाजासाठी भांडं मागणारी
ही पहिलीच.

मठारून दिले. तिसऱ्याचं बूड जरा जाड राहिलं,
तसंच दिलं.

खडकीच्या बंद गोदामात टांगले तिने सगळे
छातीच्या उंचीवर, पोटात एकेक स्पीकर.
एकात रियाज बँडवाल्याची क्लॅरिनेट, पुढे घोडा नसलेली.
एकात फ्लोरा साळवेबाई नाताळचं गातात, मध्येच खोकतात.
खोकला ठेवलाय.
गोंधळ्याचं संबळ. सदाशिवातला एक तानपुरा,
गवई अजून यायचाय असा.
आणि तिसऱ्यात तुळशीराम आवळ्यांची हलगी.

लोक डोळे मिटून हिंडत होते.
माझं काय, चाळीस वर्षं हातोडा;
डावा कान गेला, उजव्यात रातकिडा आहे.
आमच्यात पत्त्यांचा डावसुद्धा ओरडून खेळतात.
पाटी होती : कृपया हात लावू नये.
मी लावला.
संबळ मनगटापर्यंत आलं,
तानपुरा मुंग्यांसारखा,
बाईंचा खोकला स्पष्ट.
तिसरा मात्र गप्प.

त्याच्यावर आधीच एक पंजा होता.
इस्त्रीचा शर्ट, दुसऱ्या हातात नातू.
एवढी हळू मी मयतालासुद्धा वाजवली नाही,
म्हणाला. दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा माझ्या उजव्या कानात.

मिथिला धावत आली.
हलगी बाकीच्यांना खाते, आजोबा, म्हणून थोडी दाबली,
सगळ्यांचं मिळून एक व्हायला हवं ना.
व्हायला हवं की,
म्हणाला, आणि नातवाचा हात सोडला.
टिपरू नव्हतं. तर्जनीचं केलं.

जाड बूड.
ते स्पीकरचं ऐकत नाही.
शेजारचा हंडा गुणगुणला, मग त्याच्या पलीकडचा,
साळवेबाईंना ओलांडून पार गोदामाच्या दारापर्यंत.
ऐकलं म्हणत नाही मी;
तारा थरथरताना पाहिल्या, एकतीसच्या एकतीस.

मिटलेले डोळे उघडले.
वॉचमन पाटीकडे बोट दाखवत निघाला होता.
मी खिशातून स्कूटरची किल्ली काढली,
सतराव्याच्या काठाशी नेली.
ठोका कुठे घ्यायचा ते शोधावं लागलं नाही,
तिथली खूण माझीच.