सांगून येणारी गोळी

बिदियाच्या पलीकडे, जिथे वाळू सुरू होते,
कोरड्या वादीच्या कडेला एक खंदक आहे.
शुक्रवारी मी त्यात बसतो.
दोन रियाल आणि दुपारचा भात.
बाकीचे सहा दिवस विहिरींचे पंप, गास्केट, ग्रीस.

डोक्यावर दाराएवढी फळी, फळीवर कागद.
सहाशे मीटरवर माणसं पालथी पडलेली असतात,
मला दिसतात ती फक्त कागदाला पडलेल्या भोकांत.

पोरांच्या नव्या रायफली, वर दुर्बिणी.
त्यांची गोळी आधी येते, कानाशी टाळी वाजल्यासारखी,
बंदुकीचा आवाज मागाहून,
चोरी झाल्यावर पोलीस यावेत तसा.

खल्फान म्हाताऱ्याचं तसं नाही.
त्याची लिव्हरवाली, आजोबांपासूनची,
दस्त्याचं लाकूड हाताच्या घामाने काळं पडलेलं.
तिची शिशाची गोळी जाड आणि आळशी.
आधी धप्प ऐकू येतं,
मग पापणी लवेल एवढी फट,
मग कागद फाटतो.
त्या फटीत मी मान आखडून म्हणतो, आली.
आत्याबाई दारात उभ्या राहाव्यात तशी.

एकदा कहव्यासोबत त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं:
मागची खाच, पुढची माशी, लांबचं निशाण,
डोळा मात्र एकच.
तिन्ही एकदम कुणालाच स्वच्छ दिसत नाहीत.
माशी धर. निशाण धुरकट असू दे.
मी खजूर चघळत मान हलवली.
माझी आटपाडी गेली अकरा वर्षं धुरकटच आहे.

या थंडीत त्याची माशीही धुरकटली.
डावा डोळा आधीच गेलेला, आता उजव्यात दूध उतरलं.
स्पर्धेच्या दिवशी पहिली गोळी बांधावर.
दुसरी कुठे गेली ते वाळूलाच ठाऊक.
वर पोरं हसली असतील, मला ऐकू आलं नाही,
पण कानशिलं माझीच तापली.
तिसऱ्या धप्पनंतर मी फळी खाली ओढली,
खिशातली पेन्सिल काळ्या गोलात खुपसली
आणि पांढरी चकती वर धरली.
लागली.
चौथीही लागली. पाचवीही.

संध्याकाळी तो काठी टेकत खंदकापर्यंत आला.
कागद मागितला. बोटांनी चाचपला.
करंगळी भोकात घालून बघितली, नखापाशीच अडली.
माझी गोळी याहून जाड आहे, म्हणाला.
रागावला असता तर बरं झालं असतं.
रायफल आडवी धरून मागची शिडी उभी केली,
तिच्यावरचा दांडा वर सरकवला, खाली सरकवला:
चुकली ते तू दाखवलं नाहीस
तर मी हा कुठे नेऊन ठेवू?
मग डबीतला हलवा माझ्या तळहातावर ठेवला
आणि अंधार पडायच्या आत गाडीकडे गेला.

रात्री वैजयंताचा फोन.
कसं चाललंय?
जिभेवर नेहमीचं चांगलं चाललंय तयार होतं.
म्हणालो, तीन महिने पगार नाही.
मागच्या दोन खेपेचे पैसे उसने काढून पाठवले.
पलीकडे फट.
भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज.
मग ती म्हणाली, कोणाकडून उसने? नाव सांग. आकडा सांग.
मी सांगत गेलो, ती लिहीत गेली,
पेन मध्येच चालेना तेव्हा तिने शिवी दिली,
पेनला दिली की मला, विचारलं नाही.

आज पुन्हा शुक्रवार.
धप्प. फट. कागद तसाच.
वाळूचा एक फवारा, फळीच्या डावीकडे, हातभर खाली.
मी लाल झेंडी बांबूला बांधून
नेमकी तिथेच धरली, डावीकडे, हातभर खाली,
खांदा भरून येईस्तोवर.
वाऱ्याने कापड फडफडतंय.
तिकडे तो दांडा सरकवत असेल,
लिव्हर खाली ओढून वर घेत असेल,
त्याचा खळ्ळ-खट् इथवर येत नाही.

मी मान आखडून बसलोय.