सहा मीटरच्या मापानं

फोन म्हणतो, अकरा हजार नऊशे चोपन्न किलोमीटर,
सरळ रेषेत.
पण वडगावातून सरळ कुणी जात नाही.
सांबऱ्याहून बेंगळुरू सव्वा तास,
तिथं पाच तास खुर्चीत,
मग सिंगापूर, पुन्हा खुर्ची,
मग दहा तास खाली नुसतं पाणी,
तेव्हा कुठं ऑकलंड.

आप्पा म्हणाले, "साडी सहा मीटरची.
किती लागतील बघ."
बघितलं. वीस लाखाला थोड्या कमी.
दोन माग, दिवसाला चार साड्या,
अमावास्येची सुट्टी न धरता
तेराशे चौसष्ट वर्षं.
"करंट गेला नाही तर," आप्पा म्हणाले.
शिनोळीच्या पाटीपर्यंत, जिथं राज्य बदलतं,
अडीच हजार साड्या;
तो हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता,
कुणी न विचारता.

वैजू गेली त्या दिवशी ते सांबऱ्याला आले नाहीत.
बीम संपत आलंय म्हणाले.
बीमवर चार दिवसांचा ताणा शिल्लक होता.
रिक्षात मी, वैजू, दोन बॅगा
आणि शेंगाचटणीची बरणी,
जी तिथल्या काट्यावर जास्त भरली
आणि माझ्याबरोबर परत आली.

पुढचं मला बसाप्पानं सांगितलं.
चार वाजून दहा मिनिटांनी आमचे दोन्ही माग थांबले.
गल्लीतले बाकी सगळे चालूच होते.
तो दारात आला, "करंट होतेनु?"
आप्पांनी मानेनंच नाही म्हटलं.
केसांत कापसाची भुकटी, पायात चप्पल नाही,
भर उन्हात गल्लीच्या मधोमध उभे.
मागाच्या खडखडाटात विमान ऐकू येत नाही
हे चाळीस वर्षांत त्यांना कधी अडलं नव्हतं.
हलग्याच्या अंगानं पांढरं काहीतरी वर चढलं,
लहान, पंख्यांचं.
बसाप्पाही बघत राहिला,
कोण चाललंय ते न विचारता.
अकरा मिनिटं.
त्या दिवशीची चौथी साडी वीतभर मागे राहिली.

आता इथं संध्याकाळचे साडेसहा वाजले
की तिथं रात्रीचा एक.
"आप्पा, झोप लागंना. इथं आवाजच नाही कसला."
आप्पा फोन मागाच्या चौकटीला सुतळीनं बांधतात.
बोलत कुणीच नाही.
धोटा जातो, धोटा येतो.
थोड्या वेळानं पडद्यावर
उशीचा एक कोपरा तेवढा उरतो.
तरी ते फोन सोडवत नाहीत.

भिंतीवर खडूच्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या.
परवा मोजल्या. आठशे चाळीस.
"कुठवर आलो रे?"
मी गुणाकार केला. पाच किलोमीटर.
"किल्ल्याच्या तळ्यापर्यंत."
आप्पांनी धोट्यातली कांडी बदलली,
तुटलेला धागा तोंडानं ओला करून ओवला.
"म्हणजे सांबरा अजून लांब हाय की."